ठोंब्याच्या मागे कोण?

४ मार्च

आला एकदाचा! खोक्यातून निघाला तो सहा वर्षांच्या पोराएवढा. पांढरा, हात माणसासारखे, पायांच्या जागी चाकं, डोळे बशीएवढे. नणंदेने परदेशातून पैसे भरून मागवलाय, "आईला सोबत". सासूबाई तिच्याशी सहा वर्षं बोलत नाहीत. सासरे गेले तेव्हा ती आली नाही, तेव्हापासून. स्वतः यायचं नाही, रोबो पाठवायचा!

कंपनीचा माणूस सांगत होता, "गोळ्यांची आठवण करतो, चेहरे ओळखतो, कुणी पडलं तर फोन लावतो, गप्पा मारतो."

"आंघोळ घालतो?"

हसला. म्हणजे अंगमेहनत माझ्याच गळ्यात. याच्या महिन्याच्या भाड्यात दोन बायका ठेवता आल्या असत्या.

नाव ठेवलंय ठोंब्या. तोंडावर तीच हाक मारते.

५ मार्च

टक लावून बघतो. मला नाही आवडत.

११ मार्च

काहीतरी गोम आहे. सकाळी मठ्ठ, संध्याकाळी मठ्ठ. "आज हवा छान आहे," एवढंच. पण दुपारी दोन ते चार काय शहाणपण! सासूबाईंना त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणींबद्दल विचारतो, त्या खुदुखुदू हसतात. माझ्याशी त्या इतक्या कधी बोलल्यात?

यांना सांगितलं. "अगं, शिकतो तो हळूहळू." दोनच तास शिकतो होय?

१६ मार्च

नणंदेचा यांना फोन. शेवटी म्हणे विचारलं, "वहिनीची पाठ कशी आहे?"

माझी पाठ! मी कुणाला सांगितलंच नाहीये. परवा सासूबाईंना उठवताना कळ आली, विव्हळले. खोलीत त्या होत्या आणि ठोंब्या. सासूबाई तिला फोन करणार नाहीत. मग उरलं कोण?

हे म्हणतात, "तुला सगळीकडे संशयच."

१७ मार्च

दुपारी त्याच्या तोंडावर टॉवेल टाकला. सासूबाई ओरडल्या, "अगं, गुदमरेल ना तो!" काढावा लागला.

२३ मार्च

चाक अडकत होतं म्हणून कंपनीचा माणूस आला. चहा दिला, समोर बसले आणि सरळ विचारलं, "खरं सांगा, याच्या मागे कोण बसतं?"

"अवघड प्रश्न आला तर आमची माणसं. जादा पैसे भरले तर नातेवाइकांनाही बसता येतं. ते बोलतील ते हा याच्या आवाजात बोलतो. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

मोबाइलवर यादी दाखवली. रोज दोन ते चार. नणंद.

त्या खोलीत मी काय काय बोललेय! "लेकीचं बरंय, पैसे फेकले की सुटली." हे बोललेय. "माझी कधी सुटका व्हायची?" हेही. सगळं तिच्या कानात!

२४ मार्च

फोन केला. भांडायची तयारी करूनच.

ती म्हणाली, "पहिला आठवडा तुझ्यावर नजर ठेवायलाच बसले, वहिनी. आईला नीट बघतेस की नाही ते. खोटं नाही बोलत."

"आणि पुढे?"

"पुढे आईसाठी. ती बोलते गं माझ्याशी. ठोंब्या समजून का होईना." म्हणजे नावही ऐकलंय! "इकडे पहाट असते. उठून बसते, मग कामावर जाते."

रडायला लागली. मी विरघळले नाही. निदान तिला कळू दिलं नाही. म्हटलं, "उद्यापासून बंद. नाहीतर आईंना सांगेन."

"नको, वहिनी. नाही बसत."

फोन ठेवला. जिंकल्यासारखं काही वाटेना. माझ्या मनातली घाण चोरून ऐकलीन, तो राग आहेच. पण या तीन आठवड्यांत एकदाही ती त्यावरून मला काही बोलली नाही. पाठीचं तेवढं विचारलं.

२५ मार्च

दोन वाजले. ठोंब्या म्हणाला, "आपण कोडं सोडवूया का?"

सासूबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग माझ्याकडे.

"काल काय बोललीस तिला?"

मी उगाच त्यांची उशी सारखी करायला लागले.

"फोन लाव. आणि याला बाहेर ने आधी. मला माझ्या लेकीशी बोलायचंय."