आईला माझा फोन आला

३ मार्च
आलो एकदाचा! वृद्धाश्रमात तंत्रज्ञाची नोकरी, आणि सोबत आईलाही खोली. बारा नंबर, भरपूर उजेडाची. आईला आता दिसत नाही, पण ऊन कळतं. खुर्ची ओढून उन्हात बसली, म्हणाली, झकास आहे. काम सरळ आहे. वीस खोल्यांत इंटरनेटवरचे फोन बसवायचे, म्हणजे म्हाताऱ्यांना लांबच्या मुलांशी बोलता येईल. व्यवस्थापक हसतमुख. दर वाक्याला पाठीवर थाप मारतो.

५ मार्च
फोन लागतात, पण मुलांचा आवाज आत येत नाही. सगळ्या खोल्यांना मिळून बाहेर एकच पत्ता, आतले पत्ते फक्त फायरवॉलला, म्हणजे आत-बाहेरच्या मधल्या पहारेकरी यंत्राला ठाऊक. पण बाहेरून आलेला आवाज त्यातल्या कुठल्या खोलीचा, तेच तिला उमगत नाही. सात नंबरच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी मला पोरासारखं झापलं. व्यवस्थापकाने चारचौघांत अक्कल काढली. डोक्यात तिडीक गेली. फायरवॉलमध्ये कॉलचे पत्ते परस्पर बदलून देणारी एक सोय असते. ती बंदच ठेवा, असं पुस्तिकेत ठळक छापलंय. रागाच्या भरात चालू केली. पाच मिनिटांत सगळे फोन बोलायला लागले. घ्या म्हणावं!

९ मार्च
बाई रोज तासभर मुलाशी बोलतात. म्हणे इतक्या मायेने तो जन्मात बोलला नव्हता. आज त्याच मुलाचा मेल आला. चार दिवस प्रयत्न करतोय, आईचा फोन का लागत नाही?
नोंदी काढल्या. बाईंचा एकही कॉल बाहेर गेलेला नाही. सगळे आतल्याच एका पत्त्यावर वळलेत, आणि त्या पत्त्यावर आपलं कुठलंच यंत्र नाही. व्यवस्थापकाला दाखवलं. म्हणाला, "तक्रारी थांबल्या ना? मग नसती उठाठेव कशाला?" लॅपटॉप त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला.

११ मार्च
आई खुशीत होती. म्हणाली, दुपारी फोनवर किती गोड बोललास रे.
मी दुपारी फोन केलाच नव्हता.
ती सोय तडक बंद केली. काही फरक नाही. फायरवॉलची वायर उपटली. सात नंबरमध्ये बाई बोलतच होत्या.

१२ मार्च
आईने विचारलं, खरं सांग, तू कोण? फोनवरच्याने तिला सांगितलंय की खोलीत येऊन खेकसतो तो तुझा मुलगा नव्हे. माझा तोल गेला. ओरडलो, फोन भिंतीवर आपटला. ती कोपऱ्यात सरकली, हात जोडायला लागली. माझी आई. मला हात जोडते. मूर्ख मी, ओरडायला नको होतं —

१३ मार्च
आईने आतून कडी लावली. व्यवस्थापकाने मला फाटकाबाहेर काढलं. म्हातारीला छळतो म्हणे. मी! वॉचमन आत सोडत नाही.
आपटलेला फोन वाजतोय, असं तोच सांगत होता.

१४ मार्च, दुपार
फाटकासमोर बसून मोबाइलवरून बारा नंबर लावला. लागला. आईचं सगळं ऐकू येतंय. तिला माझं नाही. घसा फुटेस्तोवर हाका मारतोय —
ती बोलतेय. हसतेय. समोरचा आवाज माझाच. हरामखोराला एकदाही राग येत नाही.
म्हणतोय, आई, दाराशी उभाय, कडी काढ.
आई, नको. आई, मी इकडे — फाटकाबाहेर —
ती उठली. काठीची टकटक. वॉचमन, अहो, सोडा ना —
कडी निघाली. आई म्हणाली, ये रे बाळा, हात किती गार तुझे, आणि हे इतके सारे —