नदीच्या उतारावर मी तुला पाहिलं

प्रिय जुबल,

आधी घरची खबर सांगतो, कारण तू तीच आधी विचारशील. हेस्टर बरी आहे. तिचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण चर्चच्या नाचाला गेली की तो आपोआप बरा होतो. तू दिलेली तांबडी गाय गेल्या महिन्यात व्याली. कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे आणि स्वभाव तुझ्यासारखा, कुंपण दिसलं की त्यावर डोकं आपटून बघायचं. हेस्टर तिला तुझ्याच नावाने हाक मारते. गायीला पुरुषाचं नाव कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "तो स्वतः येत नाही, निदान नाव तरी अंगणात फिरू दे."

परवा मला पेकोस नदी आठवत होती. टेक्सासहून दोन हजार गुरं घेऊन निघालो होतो. आपण दोघंही विशीतले, आणि मला पोहता येत नाही हे मी मुकादमापासून लपवलेलं. मधल्या धारेत माझा घोडा उलटला. तू केसांना धरून मला काठावर ओढत आणलंस. मी ओकत होतो आणि तू माझे खिसे चाचपत म्हणालास, "मेला असतास तरी चाललं असतं रे ओरिन, पण माझी तंबाखू तुझ्याकडे आहे." तेव्हापासून मी तुझा माणूस. लग्नात तू माझ्या बाजूला उभा राहिलास, आमचं पहिलं लेकरू गेलं तेव्हा खड्डा तू खणलास. या सगळ्याचा विसर पडून मी पुढचं लिहितोय, असं समजू नकोस.

तुझ्यावर अन्याय झाला, हेही मी कधी नाकारलं नाही. तो झरा तुझा होता. त्या गुरांच्या कंपनीने एका हिवाळ्यात त्याच्याभोवती काटेरी तार ओढली आणि मालकीचा कागद पुढे केला. तू तार कापलीस, आणि कोर्टाने तुला तीन महिने आत टाकलं. सुटून आलास तेव्हा तुझी जनावरं तहानेने मेलेली होती. त्याच वसंतात गावाने मला शेरीफ व्हायला सांगितलं. मी नको म्हणत होतो. आग्रह तूच केलास. "घे तो बिल्ला. तिकडे एक तरी आपला माणूस हवा." मी हसलो. तू गंमत करत नव्हतास, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोपर्यंत तू कंपनीच्या पगाराच्या गाड्या अडवायला लागला होतास, आणि मी तुझ्या मागावर पथक घेऊन मुद्दाम चुकीच्या दरीत शिरायला लागलो होतो.

मग ती टपालगाडी. तिचा कंपनीशी काही संबंध नव्हता. हाकणारा म्हातारा गॅस्ट तर आपल्या दोघांना ओळखणारा. मी गाडीच्या वाटेवर एकटाच होतो. गोळीचा आवाज ऐकला आणि नदीच्या उतारावर आलो, तर समोरून तू. करड्या घोड्याच्या खांद्यावर रक्त, खोगिराला टपालाची थैली. तू म्हणालास, "म्हातारा उगाच बंदुकीला हात घालायला गेला रे." मी विचारलं, जिवंत आहे का? तू खाली बघितलंस. मग म्हणालास, "ओरिन, तू मला पाहिलं नाहीस." आणि मी घोडा बाजूला घेतला, जुबल. वाट सोडली. तू पाणी ओलांडून पलीकडे जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

त्याच संध्याकाळी माझ्या माणसांनी तीन मैलांवर एक मेंढ्या कातरणारा पकडला. एउसेबियो लुसेरो त्याचं नाव. घोडा करडा, पळणाऱ्या लुटारूचा दुरून कुणाला दिसला होता तसाच. बाह्यांवर रक्त, कारण दिवसभर मेंढ्या कातरताना कात्री लागतेच. त्याला आपली भाषा चार शब्दांपलीकडे येत नाही. ते चार शब्द तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "मी नाही. मेंढ्या. मेंढ्या." खटला एका दिवसात उरकला. वीस मिनिटांत पंच परत आले, त्याला दोषी ठरवून. फाशीचा दिवस ठरला. मी साक्षीला उभा होतो. कुणी मला विचारलं नाही की उतारावर कोण दिसलं, आणि मी आपणहून सांगितलं नाही. पंच त्याला सोडतील, असं मी स्वतःला समजावत होतो. मग वरचं कोर्ट सोडेल असं. एखाद्याच्या जिवावर मी किती दिवस स्वतःची समजूत काढू शकतो ते मला त्या अकरा दिवसांत कळलं.

त्याची बायको रेमेदियोस रोज दुपारी सात मैल चालून तुरुंगात जेवण आणायची. घेवडा, मिरची, फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या भाकरी. पहिल्या आठवड्यात गावातले काही लोक दोर घेऊन दाराशी आले होते, त्यांना मी हाकलून लावलं होतं. ते तिने मनात धरलं होतं. बाराव्या दिवशी तिने नवऱ्याला भाकऱ्या दिल्या, एक माझ्या टेबलावर ठेवली आणि अडखळत म्हणाली, "तुम्ही खाल्लं नसेल, साहेब. तुम्ही आहात म्हणून तो अजून जिवंत आहे. तुम्ही खरं शोधून काढाल." मला ती भाकरी गिळवेना. टाकून देण्याचीही हिंमत झाली नाही. तशीच हातात घेऊन मी जज्जच्या घरी गेलो.

जज्ज मेरीवेदर दाढी करत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. म्हणाले, "शेरीफ टॅबर, हे लिहून सही कराल? नीट विचार करा. त्या माणसाच्या कोठडीत मग तुम्ही बसाल." मी म्हटलं, दोन प्रती करा, एक हरवली तर दुसरी असेल. बिल्ला त्यांच्या साबणाच्या वाटीशेजारी ठेवला. घरी येऊन हेस्टरला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अकरा दिवस तू माझ्याशी का बोलत नव्हतास, ते आज कळलं," आणि मला तुरुंगात न्यायच्या कपड्यांचं गाठोडं बांधायला लागली.

फाशी दहा दिवस पुढे गेली आहे. पुढेच गेली आहे, रद्द झालेली नाही. जज्जनी स्पष्ट सांगितलं, की मित्राला सोडणाऱ्या शेरीफच्या शब्दावर पंचांचा निकाल फिरत नाही. गोळी ज्याने घातली त्याने कोर्टात उभं राहून बोललं पाहिजे. म्हणून मेलेला जुबल स्ट्रँड एउसेबियोच्या काही कामाचा नाही. मला तू जिवंत हवा आहेस. तुझी शिक्षा कमी होईल, असलं काही मी तुला सांगणार नाही. ते मला माहीत नाही. आजवर मी इतरांशी खोटं बोललो, तुझ्याशी नाही, आणि आता सुरुवात करणार नाही.

हे पत्र मी तुझ्या खोपटासमोरच्या देवदारांत बसून लिहितो आहे. ही जागा मीच दाखवली, त्यासाठीच जज्जनी मला अजून कोठडीबाहेर ठेवलं आहे. झाडांत पथकाचे नऊजण आहेत, आणि नवा शेरीफ डिलार्ड तुला मारून घोड्यावर आडवा न्यायलाही राजी आहे. त्याच्याकडून मी माध्यान्हीपर्यंतचा वेळ मागून घेतला आहे. हाक मारून हे सांगता आलं असतं, पण तू दोन वाक्यांत मला हसवतोस आणि मग मी वाट सोडतो, म्हणून लिहिलं. आता हा कागद मी दाराखालून आत सरकवीन आणि तिथेच पायरीवर दाराला पाठ लावून बसेन. माझ्याजवळ बंदूक नाही. माझ्या अंगातून गेल्याशिवाय कुणाची गोळी तुझ्या दारापर्यंत येणार नाही. बाहेर येशील तेव्हा हात माझ्या खांद्यांवर ठेव आणि माझ्या पाठीला चिकटून चाल, मी तुला घोड्यापर्यंत नेतो, तिथून कोर्टापर्यंतही. आणि यायचं नसेल, निसटायचं असेल, तर आधी दार उघडून मला पायरीवरून हटवावं लागेल. या वेळी मी बाजूला होणार नाही, जुबल.

तुझाच,
ओरिन