डाव्या पावलाचं माप

तीर्थरूप बाबा,

पलंगावरूनच नमस्कार. उठून वाकणं अजून जमत नाही.

काळजी करू नका. जेवण वेळेवर मिळतं. शेजारच्या पलंगावरचा सुतार दिवसभर बडबडून डोकं खातो, तेवढीच करमणूक.

दोष तुमच्या बुटांचा नाही. नवे बूट महिनाभर घरात वापर आणि मगच वाटेला लाग, असं तुम्ही शिवतानाच बजावलं होतं. तुमच्या हातचे म्हणून मी ते जपून ठेवले आणि निघायच्या दिवशीच पायात घातले. बाराव्या दिवशी फोड फुटला. थांबलो तर चाल मोडेल म्हणून आणखी नऊ दिवस तसाच चाललो.

डॉक्टरीणबाई म्हणतात, घरातल्या घरात चालता येईल. मी विचारलं, आणि लांबचं? त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

आईचा गुडघा कसा आहे? तिला फक्त जखम भरतेय एवढंच वाचून दाखवा.

नव्या जोडासाठी तुम्ही दोन्ही पावलं कागदावर काढून मागितलीत. कागद सोबत आहे. डाव्या पावलाला तीनच बोटं दिसतील. बाबा, काढताना माझा हात चुकलेला नाही.

तुमचा,
भटक्या