आठ पावलं

५ जानेवारी २०२५, रविवार

ठरलं. गाणार. आठच्या आठ गाणी गाणार, इंग्रजीतच गाणार आणि यवतमाळातच रेकॉर्ड करणार. ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं.

हसणाऱ्यांची सुरुवात घरातूनच झाली. राजदीप जेवायला आला होता. धाकटा भाऊ असला तरी डीजेची गाडी घेतल्यापासून संगीतातलं आपल्यालाच काय ते कळतं असं त्याला वाटतं. म्हणाला, "ताई, जॅझ कोण आयकीन दिग्रसमंदी? भीमजयंतीचा अल्बम काढ, मीच वाजवतो गाडीवर." मी म्हटलं, जयंतीला बावीस वर्षं गातेय, यंदाही गाईन. पण ही गाणी बाबांची आहेत. त्यांच्या नावानं, त्यांच्या देखत व्हायला पाहिजेत. गेल्यावर फोटोला हार घालून गाणारे खूप असतात.

बाबा ताटाकडं बघत म्हणाले, "मले कायले पाहिजे आता मान." आणि अर्धी भाकर जास्त घेतली. खूश असले की घेतात.

९ जानेवारी

शाळेत मुख्याध्यापकांनी विचारलं, "जॅझ म्हणजे तो लग्नातला बँडच ना, मॅडम?" सगळी स्टाफरूम हसली. मी म्हटलं, हो सर, तोच.

चिडून नाही म्हटलं. खरंच आहे ते. आमच्या दिग्रसला जॅझ आला तो वरातीतून. बाबा एकोणीस-वीस वर्षांचे असताना नागपुरात रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाचाच्या कार्यक्रमांना खुर्च्या मांडायचे. तिथं बँड वाजवणाऱ्या लोबो मास्तरांनी एक दिवस त्यांच्या हातात क्लॅरनेट दिली. दोन वर्षांत आठ गाणी आधी कानात, मग बोटांत. परत येऊन बाबांनी स्वतःची बँड पार्टी काढली. नवरदेव घोड्यावर चढला की फिल्मी गाण्यांच्या आधी एक इंग्रजी गाणं व्हायचं. लोक म्हणायचे, धर्मपालचा साहेबी बाजा. गाण्यांना नावं नव्हती, नंबर होते. एक ते आठ. शब्द बाबांच्या वहीत मराठी अक्षरांत उतरवलेले. सातव्या वर्षी मला सगळी पाठ होती, पाढ्यांच्या आधी.

नागपूरच्या एका मोठ्या गवय्यानं मागं मला सांगितलं होतं, तुम्ही भीमगीतं छान गाता, त्यातच राहा. राहते की! आणि यातही राहते. माझं घर किती खोल्यांचं असावं हे ठरवणारे तुम्ही कोण?

११ जानेवारी, शनिवार

पहिला दिवस. शाळा सुटल्यावर बाबांना घेऊन एसटीनं यवतमाळ. अनिकेतचा स्टुडिओ म्हणजे गाद्या ठोकलेली एक खोली. भीमगीतं, बंजारा गाणी, निवडणुकीच्या घोषणा, सगळं तिथंच होतं. पियानोवर पियूष. पुण्याचा आहे, वय तीसच्या आत. माझा मोबाईलवरचा व्हिडिओ पाहून स्वतःहून आला आणि त्यानंच पुण्याची रेकॉर्ड कंपनी जमवली.

एक नंबर सुरू केलं. बाबांनी असा सूर लावला की अनिकेत खुर्चीत सरळ बसला. सत्त्याहत्तर वर्षांची छाती! अंतरा झाला, आम्ही दोघं नेहमीसारखे थांबलो — आणि पियूष एकटाच पुढं निघून गेला.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "सुमेधाताई, इथे तुम्ही आठ मात्रा थांबताय. मूळ गाण्यात हे नाहीये. चार मात्रांचा एक बार; गाणं बत्तीस बारचं, तुमचं चौतीसचं होतंय." मी म्हटलं, आमच्याकडं असंच आहे. दोन नंबर घेतलं. त्यातही अंतऱ्यानंतर आठ मात्रा. तीनमध्येही. तो बिचारा अगदी अदबीनं म्हणाला, "सगळ्याच गाण्यांत एकच चूक कशी असेल?"

बाबांनी क्लॅरनेट पुसली, पेटीत ठेवली. आम्ही परतीची एसटी पकडली. दारव्ह्याला चहा घेतला तेव्हा एवढंच — "त्या पोराचं बराबर आहे."

१२ जानेवारी

बाबा येणार नाहीत. "माहं नाव काढून टाक कव्हरावरून. तुले म्या चुकीचं शिकवलं."

चुकीचं? ज्या गाण्यावर दिग्रसच्या दोन पिढ्या नाचल्या ते चुकीचं? मी म्हटलं, मग मी चुकीचंच गाणार. पेटीला कुलूप लावून चावी कोनाड्यात ठेवली त्यांनी. एवढं मोडलेलं मी त्यांना आई गेली तेव्हाच पाहिलं होतं. एका पोरानं दोन बार मोजले म्हणून?

१६ जानेवारी

कंपनीचं पत्र. आवाज अप्रतिम वगैरे. मग मुद्दा: ती 'रिकामी जागा' काढून टाकावी लागेल, ऐकणाऱ्याला बिघाड वाटेल.

उत्तर लिहिलं. ही गाणी धर्मपाल मास्तरांची आहेत. त्यांनी जशी शिकवली तशीच होतील. रिकामी जागा नाही, थांबा आहे.

पाठवलं. 

१९ जानेवारी, रविवार

कंपनी गेली. जाऊ दे. पियूष राहिला! म्हणाला, आपणच इंटरनेटवर टाकू, कव्हरही आपणच छापू. आज पाच आणि आठ नंबर सोडून सहा गाणी झाली, सगळी थांब्यासकट. आता तो त्या आठ मात्रांत डोळे मिटून बसतो. म्हणतो, "चूक असेल, पण अशी चूक मला सुचली नसती." मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं. त्यांनी रेडिओ मोठा केला.

जगाशी भांडेन. ज्यांच्यासाठी भांडतेय तेच पाठ फिरवून बसलेत, त्यांच्याशी कसं भांडायचं?

२२ जानेवारी

आज जे कळलं ते लिहायचं आहे, आणि लिहवत नाही.

शाळेतून परतताना दिग्रसच्या स्टँडवर मारोतराव भेटले. बाबांच्या पार्टीत पहिल्या दिवसापासूनचे ढोलवाले. आता काठी टेकत चालतात. मी उत्साहानं सगळं सांगितलं, कंपनी कशी झिडकारली, थांबा कसा राखला. ते माझ्याकडं बघतच राहिले.

"अवं पोरी, तो थांबा गाण्यातला नाही. रस्त्यातला आहे."

मग सांगितलं. सत्तर-एकाहत्तर साल. आपल्याच वस्तीतलं लग्न. जुन्या बाजाराच्या रस्त्यावर एक मोठं घर होतं. त्यांचं म्हणणं, यांचा बाजा आमच्या ओट्यासमोरून वाजत जाणार नाही. "आम्ही वाजवत गेलतो. माहा ढोल फोडला. तुया बापाच्या तोंडावर काठी बसली. दोन महिने फुंकता नाही आलं त्याले. मंग पुढच्या लग्नापासून तिथं चूप. ओटा बराबर आठ पावलाचा होता."

बाबांचा पुढचा दात तुटलेला आहे. आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं, सायकलवरून पडलो.

२३ जानेवारी

त्या रस्त्यानं मुद्दाम गेले. ते घर नाही आता. तिथं मोबाईलचं दुकान आहे, बाहेर रिचार्जची पाटी. ओट्याचा दगड तेवढा राहिलाय, त्यावर दोघं बसून चहा पीत होते. मी चालून पाहिलं. आठ पावलं.

दहा दिवस मी कुणासाठी भांडले? कंपनी सोडली कशासाठी? ओट्यावरच्यांच्या हुकमासाठी! बाबांची कला म्हणून मी त्यांचा हुकूम छातीशी धरून बसले. आणि दीडशे पोरं मी वर्गात उभी करून शिकवते, मान वर ठेवा म्हणून.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून थेट घरी आले आणि बाबांसमोर बसले. म्हटलं, मारोतरावांनी सांगितलं.

त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "पार्टीत नवीन पोरं येत होते. सोळा-सतरा वर्षांचे. त्यायले काय सांगू? इथं आपून घाबरतो म्हणून चूप बसा? म्या सांगतलं, लोबो मास्तरचं गाणंच असं आहे. अंतरा झाला का आठ मात्रा थांबा लागते. मंग म्या तसंच बसवलं, आठही गाण्यात. ओटा येईपर्यंत मुखडा फिरवत राहो, अंतरा बराबर ओट्याशी संपवो. ओट्यावरच्यायले वाटे, आमच्यासाठी चूप झाले. माह्या पोरायले वाटे, गाणं थांबलं. एकाची मान खाली नाही गेली त्या रस्त्यावर."

मी म्हटलं, आणि मला? मला का खोटं शिकवलं?

"तू तं माही पोरगी. तुले कायले खरं शिकवू?"

मी रडले. ते रडले नाहीत. त्यांनी उठून मला पाणी आणून दिलं आणि म्हणाले, त्या पोरानं मोजलं तेव्हाच वाटलं, आता उघडं पडते. पन्नास वर्षं झाकलेलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

ठरवून गेले होते — आज थांबायचं नाही. पाच नंबर. न थांबता सरळ पार निघून जायचं. पियूषला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून बसला. मी म्हटलं, तू नको घालूस, तू वाजव.

जमलं नाही.

सात वेळा घेतलं. अंतरा संपतो आणि गळा आपोआप मिटतो. श्वास असतो, सूर असतो, शब्द ओठांवर असतो, पण दार कुणीतरी आतून लावून घेतं. सदतीस वर्षांची सवय. त्या ओट्यावरची माणसं मेली, घर पडलं, आणि माझ्या गळ्यात त्यांचा पहारा अजून चालू आहे!

अनिकेत म्हणाला, "ताई, मी कॉम्प्युटरवर कापून देतो, दोन मिनिटांचं काम." मी नको म्हटलं. कॉम्प्युटरनंच पुसायचं होतं तर कंपनी काय वाईट होती? मला गळ्यानं पुसायचं आहे.

आठव्यांदा खोकलाच आला. पाच नंबर आणि आठ नंबर राहिले.

२ फेब्रुवारी

पाच नंबर केलं. थांब्यासकट. राहू दे. माझ्या बापानं पोरांची मान राखायला तो घातला, तो त्यांचाही आहे. पण आता गप्प राहून नाही. कव्हरवर छापणार: या गाण्यांत आठ पावलं शांतता का आहे, कुणी काठी मारली, कुणाचा दात पडला. नाव नको त्या घराचं, पण रस्ता, साल आणि ओटा, सगळं छापणार.

राजदीप घाबरला. "ताई, त्यायचे नातू माह्याच गाडीले बोलावतात लग्नात. कायले जुनं उकरून राह्यली?" मी म्हटलं, तुझी गाडी त्या ओट्यासमोरून वाजत जाते ना? मग तुला माहीत असू दे, ती फुकटात जात नाही. त्यानं गाडीची किल्ली उचलली. जाताना दारात थांबून म्हणाला, "मले कोणीच नाही सांगतलं." खरंच आहे. त्यालाही सायकलच सांगितली होती.

बाबांना मजकूर वाचून दाखवला. ऐकलं. छाप म्हणाले नाहीत, छापू नको म्हणाले नाहीत. एक शब्द बदलायला लावला. मी 'मारहाण' लिहिलं होतं. "हाणामारी लिही," म्हणाले. "मारोतीनंही दोन ठेवून दिल्या होत्या."

७ फेब्रुवारी

उद्या शेवटचं, आठ नंबर. थांबा ठेवूनच. बाबांना चला म्हटलं नाही. किती वेळा म्हणणार. आज सकाळी उठले तर स्वयंपाकघरात ते कपात क्लॅरनेटची रीड, फुंकायची पट्टी, भिजवत बसले होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

आठ नंबर पहिल्याच झटक्यात झालं.

अंतरा संपला. मी थांबले. पियूष थांबला.

बाबा थांबले नाहीत.