पुठ्ठा काढलेला शब्दकोश

वेंडेल,

तू माझ्या एमॉसचं डोकं हातोड्याने फोडलंस, त्याला अकरा वर्षं झाली. आता एका संस्थेच्या देणगीतून तुमच्या तुरुंगात कॉलेज सुरू होतंय. तुलाही घेतलंय म्हणे. त्या संस्थेच्या बाईकडून तू आमच्या घरातला शब्दकोश मागितलास.

ती म्हणाली, "मावशी, पुठ्ठा काढून द्या. तुरुंगात पुठ्ठ्यानेही डोकी फुटतात."

मी म्हटलं, "माझ्या भावाला पुठ्ठा कशाला? हातोडा पुरतो त्याला."

त्याच शब्दकोशावरून मी एकटी वाचायला शिकले. सुरीने पुठ्ठा कापताना मला तुझा गळा दिसत होता. मी थांबले नाही.

पुठ्ठ्याच्या आत एमॉसने आपलं नाव लिहिलं होतं. तेवढं मी ठेवलंय. शब्द सगळे तुझ्याकडे येतील, हे पत्र येणार नाही.

एमॉसची बायको,
व्हर्लीन