घड्याळ लावून बसलेला माणूस

१२ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी शंका पोचली. आमच्या चिपमध्ये बिटं एक घर सरकवा नाहीतर तीस घरं, वेळ तेवढाच लागतो. ते काम मीच केलंय, तेव्हा दवाखान्यांचे निरोप कुलूपबंद करणारा तुझा प्रोग्राम खुशाल चालव. ताक फुंकून पिण्याची तुझी सवय काही जात नाही! भाचीला गालगुच्चा.

तुझा,
बारक्या

२ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रुग्णांचे निरोप फुटले आणि तुला कामावरून दूर ठेवलंय, हे दाजींकडून कळलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

ताई, चूक माझी आहे. जागा वाचवायला आम्ही या चिपमध्ये बिटं एकेक घर सरकवतो. जास्त घरं, जास्त वेळ. किती घरं सरकवायची ते तुझ्या गुप्त किल्लीवर ठरतं. बाहेर कुणी प्रत्येक निरोपाला किती वेळ लागतो ते बघत नुसतं घड्याळ लावून बसला, तरी हळूहळू अख्खी किल्ली त्याच्या हाती लागते. तुला लिहिताना माझ्या डोक्यात जुनी चिप होती. कपाटातला आराखडा काढायला दोन मिनिटं लागली असती, पण ताईने विचारावं आणि मी कागद बघून सांगावं, हे मला कमीपणाचं वाटलं. फार लाज वाटते गं.

आशीर्वाद मागायलाही तोंड नाही.

बारक्या

९ सप्टेंबर

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊ नकोस. तुला विचारण्याआधी मी स्वतः वेळ मोजला होता. फरक दिसला, म्हणून तर विचारलं. तुझं उत्तर आलं आणि मी माझ्या मोजणीचे कागद फेकून दिले. परक्या माणसाने तेच लिहिलं असतं, तर मी पुन्हा मोजलं असतं. हे मला रोज खातं.

चौकशीत दोनदा विचारलं, खात्री कुणी दिली. मी गप्प बसले. तुझं जानेवारीचं पत्र पर्समध्येच होतं. पण तीच चिप अजून किती जणांच्या कुलपांत बसली आहे, तुला ठाऊक आहे. आता गप्प बसणं म्हणजे पाप.

सोमवारी सकाळी अकरा वाजता पुन्हा बोलावलंय. मी काय फेकलं ते मी सांगेन. तू काय लिहिलंस ते तू येऊन सांग; पत्र तुझ्याच हातात देईन. जेवून ये, तिथे फार ताटकळत ठेवतात.

लोभ होता तेवढाच आहे. तो मोजत बसू नकोस.

तुझी,
ताई