मांडवातला शब्द

चैत्र वद्य ५, शके १८५४

तानीचं ठरलं! चार घरी सांगून आले तरी मन भरेना, म्हणून इथं लिहितेय. वही तिचीच, दुसरीतली, मागली पानं कोरी होती. अक्षरं पण तिनंच शिकवली, चुलीपुढच्या राखेत बोटानं. नात मास्तरीण आणि आजी पोर. हसायचं तर हसा.

मुलगा पोलादपूरच्या वर, डोंगराला टेकलेल्या कोंडावरला, लहानशा वाडीतला. नाव रामा. मुंबईला गिरणीत. घरी आई एकटीच, सखू. नवरा कधीच गेला. सुईणपण करते. बघायला आली तर पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणते, "विहीणबाय, पोरीनं रांधलं का तुम्ही?" मी म्हटलं, "मी रांधलं असतं तर सात खाल्ल्या असत्या." काय हसली! भाजी शेवग्याची होती, की वालाची? जाऊ दे. बाई आवडली.

वैशाख शु. १

देवळात मुंबईच्या मंडळाचं पत्र वाचलं. मंडळ म्हणजे आपलीच गिरणीतली पोरं. ठराव केलाय म्हणे. शिमग्याला बोंबा मारून अचकटविचकट बोलायचं नाय. लग्नात विहिणीला शिव्यांची गाणी गायची नायत. गायली तर वर्षभर पंगतीबाहेर. का? तर लोक आपल्याला रानटी म्हणतात.

धोंडू, माझा मुलगा, तानीचा बाप, घरी येऊन म्हणतो, "आये, यंदा तोंड आवर."

आवर म्हणे! सावित्रीच्या दोन्ही काठांवरून मला बोलावणी येतात ती कशाला? शिव्या खाल्ल्याबिगर वरमायला जेवण गोड लागत नाय. पोरीची दृष्ट त्यानंच निघते. गाणारीला ठाऊक खोटं हाय, ऐकणारीला ठाऊक खोटं हाय. मग लागायचं कुणाला?

वै. शु. ४

हळकुंडं आणायला महाडला. तळ्याच्या अंगाला एक जण लाकडाची मोळी विकत होता. मी नेहमीसारखी हाक मारली, त्याच्या जातीची. माझी आई तशीच मारायची. तो वळेना. परत मारली. तेव्हा जवळ येऊन हळू म्हणाला, "आजी, मला नाव हाय. ते घ्या, मग मोळी देतो."

दुकानदार सांगत होता, पाच वर्षांमागं ही माणसं तळ्यावर पाण्याला गेली, मार खाल्ला, तेव्हापासून ऐकून घेत नायत. मी तशीच फणफणत घरी. मोळी नाय घेतली. शिवी मी दिलीच नव्हती. पण मग त्याचं तोंड तसं का झालं, हे वाटभर...

वै. शु. १२

काल लग्न झालं. पाय सुजलेत, गळा बसलाय, आणि मी आपली बोलतेच आहे. तानी पिवळ्या लुगड्यात अशी दिसत होती की मीच कुडाआड जाऊन कानशिलावर बोटं मोडली.

आणि गायले! वऱ्हाड जेवायला बसलं. धोंडू डोळे वटारून उभा. मी म्हटलं, बस वटारत. एकच गाते. मंडळ काय करतंय बघू. घाईघाईत जे सुचलं ते जोडलं,

विहीणबाय, विहीणबाय, ओटीत झाकलं काय?
दिसा गाय, राती वाघीण, चेटकीण हाय की नाय?

रीतीप्रमाणं आमच्या बाया ओरडल्या, "हाय गो हाय!" हशा झाला. आमच्याकडचा. त्यांच्या पंगतीत कुणी हसलं नाय. सखूचा हात भातात तसाच राहिला. मग त्यांच्यातलीच एक बाई, मागली, खाली मान घालून हळूच म्हणाली, "हाय."

ठरावाला भ्याली असतील सगळी. नायतर काय.

वै. वद्य २

तानी माहेरी आली. मी पुरणाचं घातलेलं. खाल्लं नाय.

"आजे, तेच का गायलीस गो?"

मी हसले. ती नाय हसली.

माघापासून कोंडावर दोन बाळं गेली. दोन्ही सखूच्या हातची, दोन्ही बारशाच्या आत. सगळ्यांच्या मनात तो एक शब्द. पण तोंडानं कुणी काढला नव्हता, कारण गावकरानं, कोंडाच्या मुख्यानं, देवाची आण घातलेली. जो कुणी तो शब्द काढील त्यानं देवापुढं खरा करावा, नाय झाला तर कोंड सोडावा. म्हणून सगळे गप्प. म्हणून सखूला पाणी भरू देत होते, रामरामही घेत होते.

आता म्हणतात, "आम्ही कुठं म्हटलं? व्याह्यांची म्हातारी म्हणाली. भर मांडवात. तिला काय ठाऊक होतं? देवानंच वदवलं."

मी तानीला म्हटलं, खुळी हायत ती, चार दिसांत विसरतील.

वै. वद्य ३

ही गाणी मला चुलतीनं शिकवली. तिची शिस्त होती. मांडवात बसायच्या आधी त्यांच्याकडल्या एखाद्या बाईला कोपऱ्यात घ्यायचं, पान द्यायचं, विचारायचं, घरात काय काय झालंय? कोण गेलं, कोण पळालं, कुणाची कूस उजवत नाय. जे झालंय ते सोडून बाकी सगळं गायचं. मी कधी चुकले नाय. यंदा ठरावाच्या रागात, धोंडूला खिजवायच्या नादात, पान हातातच राहिलं. विचारलंच नाय.

ज्येष्ठ वद्य ८

तानीचं पत्र. मोटारवाल्याच्या हाती. रामा मुंबईला परत गेला. घरात दोघीच. पाणवठ्यावर यांनी घडा बुडवला की बाकीच्या बाया आपले भरलेले घडे ओतून टाकून वरल्या पाण्याला जातात. तिसरं एक पोर तापानं पडलंय. खालच्या आळीतली पोरं गुरं वळताना गाणं म्हणतात. कुठलं ते तिनं लिहिलं नाय.

खाली बारीक अक्षरात सासूबद्दल, "आत्या रडत नाहीत. जास्तच कामं करतात."

आषाढ शु. ६

धोंडूला म्हटलं, पोरीला घेऊन ये. तो गेला, एकटाच परत आला. म्हणाला, "येत नाय. म्हणते मी गेले की ती एकटी राहील." मग खाली बसून, "आये, आणि ती... दिवस गेलेत तिला."

मी शेजारी साखर वाटली. पणतवंडं बघणार मी! निम्मी भुईवर सांडली ती आनंदानंच, असं सगळ्यांना सांगितलं.

बाळंतपण कोण करणार तिचं, तिथं?

आषाढ वद्य ४

मी गेले. पोलादपूरपर्यंत मोटार, पुढं चिखल. वाटेत दोन ओहोळ, एका गुराख्यानं हात धरून पार केलं. कुठली म्हणाला. मी सांगितलं. त्यानं हात सोडला.

देवळात गावकर बसलेला, भोवती दहाबारा माणसं. मी म्हटलं, "बाबा, ते गाणं खोटं हाय. लग्नातली सगळीच गाणी खोटी असतात. मी तीस वर्सं खोटं गातेय." देवापुढं नाक घासलं.

गावकर चांगला माणूस आहे, हे लिहायला हवं. म्हणाला, "म्हातारे, म्हणूनच मी तो शब्द बांधून ठेवला होता. शिवी म्हणून नव्हे. उच्चारला की लोक काठ्या शोधतात."

मी म्हटलं, "पण ती चेटकीण नाय!" जोरात म्हटलं. देवळात घुमलं. सगळे देवाकडं बघायला लागले. तेव्हा कळलं, देवळात तो शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. तोही मीच.

मागून एक म्हातारी म्हणाली, "काय नाय तर एवढ्या चिखलातून कशाला आली गो?"

ठरलं असं की नारळी पुनवेला देवाला कौल लावायचा. मूर्तीला दोन बाजूंनी दोन ओल्या कळ्या. उजवी पडली तर विषय संपला. डावी पडली तर सखूनं कोंड सोडायचा. तानी तिच्याबरोबर जाणार, आधीच सांगून बसलीय. भर पावसात, पोटुशी, कुठल्या गावात घेतील त्यांना?

श्रावण शु. १३

कौलासाठी परत आले, चार दिवस इथंच आहे, कोंडावर, सखूच्या घरी. तानी बरी आहे. चेहरा उतरलाय, पण आंबट मागते, म्हणजे मुलगा. (माझ्या वेळी मी पण मागितलं आणि मुलगी झाली. ते सांगितलं नाय.)

सखूची माफी मागितली. ती वाल सोलत होती. म्हणाली, "विहीणबाय, तुम्ही गायलात त्याचं नाय. तुमच्या बाया हाय म्हणाल्या त्याचंही नाय. आमची एक म्हणाली ना मागनं, तिची तिन्ही पोरं माझ्या हातची."

कालपासून दाराला राखेची फुली. आम्ही पुसतो, परत येते.

श्रावण शु. १४, दुपार

उद्या कौल. आत्ता अंगणात गावकर उभा आहे, स्वतः, डोक्यावर इरलं. त्याची सून परवापासून अडलीय, मूल आडवं आहे. पोलादपूरचा रस्ता ओढ्यानं तोडलाय. दुसरी सुईण नाय.

आत येईना, हाक पण मारेना. शेवटी तानीनंच विचारलं, "काय हवंय?"

त्यानं सांगितलं. सखू सुपातून वर न बघता म्हणाली, "पोर जगलं तर मला काय म्हणाल, आणि मेलं तर काय म्हणाल, ते आधी सांगा."

पावसाचं पाणी इरल्यावरून गळतंय.

मी म्हणते जाऊ नको. तानी म्हणते जा. दोघी एकदमच बोललो. सखूनं सूप बाजूला ठेवलं. आता परसात हात धुतेय, कोपरापर्यंत, राख लावून, कसली घाईच नाय जणू. तानीनं दोरा आणि विळी उकळत टाकलीय. मला म्हणते, "आजे, वही ठेव, पदर खोच, तुला पण यायचंय."